तेलाच्या दाबाचा काटा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ, कन्नडच्या वाटेने धावणाऱ्या जुन्या डिझेल जीपगाड्या कोणी पाहिल्या नाहीत? महिंद्रांच्या इगतपुरीच्या कारखान्यात १९८०च्या दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याची डिझेल इंजिने तयार होऊ लागली. अशा गाड्यांनी किती बाजारकरी, किती वऱ्हाडी आणि किती आजारी माणसे वाहिली याची गणतीच नाही. या गाडीचे इंजिन खोलण्याची पाळी आली, तर मालकाची हंगामाची कमाई त्यात जाते. ती पाळी येण्याआधी इशारा देणारी एक छोटीशी वस्तू आहे. ती म्हणजे तेलाचा दाब दाखवणारे गेज.

आता तुम्ही म्हणाल, "लाल दिवा आहे की समोर!" दिवा आहे, पण तो फार उशिरा बोलतो. दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्ध्या किलोच्या खाली घसरला, म्हणजे तो लागतो. दाब चार किलोंवरून दीड किलोवर आला, तरी दिवा आपला शांतच! दिवा निकाल सांगतो. काटा रोजची प्रकृती सांगतो.

हा दाब येतो कुठून, ते आधी पाहू. आपल्या गावची पाणचक्की आठवा. लांबवरचे पाणी मातीच्या बंद नळांतून आणून उंच भिंतीवर चढवले आणि तिथून खाली सोडून जाते फिरवले. पाणी वर चढले, ते नळ बंद होते म्हणून. वाटेत नळाला मोठी भेग पडली असती, तर मुळाशी पाणी तेवढेच असूनही भिंतीवर थेंब चढला नसता. इंजिनातही तसेच आहे. पंप तेल ढकलतो आणि बेअरिंगच्या अरुंद फटी ते अडवतात, म्हणून दाब निर्माण होतो. ही फट जेमतेम केसाच्या जाडीएवढी असते. बेअरिंग झिजले की फट रुंदावते, तेल सहज निसटते आणि दाब उतरतो. म्हणजे काटा खाली येतो तो झीज वाढल्याचा निरोप घेऊन. तेल तापून पातळ झाले, कमी पडले किंवा पंप थकला, तरी हाच परिणाम दिसतो.

तेलाचा पातळ थर केवढा भार उचलतो, याचा शोधही एका गेजमुळेच लागला. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर हे रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल घालायला पाडलेल्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्यांनी लाकडी खुंटी ठोकली, तर तीही तेलाने बाहेर ढकलली. मग त्यांनी तिथे गेज बसवले, तर त्याचा काटा २०० पौंडांची मर्यादाही ओलांडून गेला! फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या थरावर तरंगतो, हे तेव्हा कळले. पंपाचे काम एवढेच, की त्या थराला तेल कमी पडू द्यायचे नाही.

गेजची रचनाही सोपी आहे. १८४९ साली पॅरिसच्या यूजेन बूर्दाँ यांनी तिचे पेटंट घेतले. चपटी, अर्धवर्तुळाकार वाकवलेली एक नळी; आत दाब आला की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. याखेरीज विजेचे गेजही मिळते. त्यात इंजिनावर दाब ओळखणारा सेंडर बसतो आणि तारेने काट्याला खबर देतो.

बसवताना इंजिन थंड असू द्यावे. लाल दिव्याचा स्विच ज्या भोकात आहे, तिथेच पितळी 'टी' बसवून एका तोंडाला जुना स्विच आणि दुसऱ्याला गेज जोडावे. दिवा काढू नये. दोन पहारेकरी केव्हाही बरे. आट्यांची जात आधी जुळवून पाहावी. आटे हाताने लागत नसतील, तर पान्याने जबरदस्ती करू नये. ब्लॉकचे आटे गेले, तर स्वस्त काम महाग पडते. टेफ्लॉनची पट्टी गुंडाळलीच, तर पहिले दोन आटे मोकळे ठेवावेत, नाहीतर तिचा तुकडा तेलाच्या वाटेत जाऊन अडकतो. शिवाय सेंडरला अर्थिंग इंजिनातूनच मिळते, हेही ध्यानात असावे.

डिझेलचे इंजिन फार थरथरते. जड सेंडर 'टी'वर लोंबत ठेवला, तर पितळ एके दिवशी तुटते. म्हणून सेंडर बॉडीवर पक्का बसवून मध्ये लवचीक होज घालावा, आणि अशा वेळी अर्थिंगची निराळी तार द्यावी. नळीच्या गेजमध्ये तेल थेट डॅशबोर्डपर्यंत येते. तेव्हा नळीला इंजिनाजवळ एक-दोन वेटोळी द्यावीत, ती सायलेन्सरच्या पाइपापासून दूर न्यावी आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच घालावे. नळी फुटली, तर कढत तेल पायावर येते. मग गाडी सुरू करून प्रत्येक जोड कोरडा आहे ना, हे पाहावे आणि मगच रस्त्यावर निघावे.

आकडा किती हवा? गरम इंजिन सावकाश फिरताना एक किलोच्या आसपास आणि वेगात तीन-चार किलो, हा ढोबळ अंदाज झाला. खरे प्रमाण आपल्या इंजिनाच्या पुस्तकातले. पहिल्याच आठवड्यात आपल्या गाडीचे गरम असतानाचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढे महिन्यामहिन्याने काटा कसा सरकतो, त्यातच खरी गोष्ट असते. डिझेलचे तेल काजळीने लवकरच काळे होते. नुसत्या रंगावरून त्याची पारख होत नाही. आणखी एक खूण आहे. दौलताबादच्या घाटात वळणावर काटा क्षणभर पडून पुन्हा उठत असेल, तर तेल कमी आहे आणि पंप हवा ओढतो आहे, असा संशय घ्यावा.

काटा एकदम शून्यावर आला, तर गाडी लगेच कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत त्यासाठी स्टॉपची दांडी ओढावी लागते. मात्र इंजिन थांबले की ब्रेकची मदतही जाते. म्हणून गाडी आधी थांबवायची. मग तेलाची पट्टी पाहावी. तेल पुरेसे असेल, तर दुसरे गेज लावून खात्री करून घ्यावी. तोवर इंजिन सुरू करू नये.

एक मोह मात्र टाळावा. दाट तेल ओतले की काटा वर येतो आणि मालक खूश होतो. पण झीज जिथल्या तिथेच राहते, आणि पहाटेच्या गारठ्यात ते दाट तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोचते. ताप उतरवायचा असतो माणसाचा, थर्मामीटरचा नव्हे!