आधी श्वास मोजा

कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांत पावसाळ्यात मूल खोकू लागलं, तर एक्स-रेआधी घड्याळ हवं. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरले, तर न्यूमोनियाचा संशय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना ही मोजणी आणि को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक देणं शिकवलं. बालमृत्यू घटले, 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. आता को-ट्रायमॉक्साझोलच्या जागी अमॉक्सिसिलिन आलं आहे.

मोठ्यांचं दुखणं जास्त फसवं. मेडिकलवाल्याकडून लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतलं की बरं वाटतं खरं, पण हेच औषध क्षयाच्या जंतूंनाही तात्पुरतं दाबतं. रोग लपतो, निदान लांबतं. खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासून घ्याच. आणि विषाणूजन्य न्यूमोनियावर अँटिबायोटिक चालतच नाही, हे दुकानदार सांगत नाही.

मूल श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ते पीत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर गोळ्या शोधत बसू नका. 108 ला फोन करा.