मानव विकास निर्देशांक

मानव विकास निर्देशांक हा एखाद्या देशातील लोकांचे आयुर्मान, शिक्षण आणि राहणीमान यांचा एकत्रित विचार करून काढला जाणारा निर्देशांक आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने १९९० साली पहिल्या मानव विकास अहवालात तो प्रसिद्ध केला. त्याचे मूल्य ० ते १ या दरम्यान असते.

पार्श्वभूमी

राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात, या उत्पन्नावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही, असा इशारा दिला होता. तरीही पुढे स्थूल उत्पन्न हेच प्रगतीचे प्रमुख माप मानले गेले. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन प्रभृतींच्या साहाय्याने त्याला पर्याय सुचविला. उत्पन्न हे साधन असून माणसाला काय करता येते व कसे जगता येते हे साध्य होय, ही त्यामागील भूमिका होती. मानवी जीवन एका आकड्यात बसविण्याविषयी सेन प्रारंभी साशंक होते. मात्र उत्पन्नाच्या आकड्याची जागा घ्यायची तर तितकाच सुटसुटीत आकडा हवा, हा हक यांचा युक्तिवाद त्यांना पुढे पटला.

गणनपद्धती

जन्मवेळचे अपेक्षित आयुर्मान, प्रौढांच्या शालेय शिक्षणाची सरासरी वर्षे, मुलांच्या शिक्षणाची अपेक्षित वर्षे आणि दरडोई उत्पन्न यांवरून तीन घटक निर्देशांक काढतात. आयुर्मानासाठी २० व ८५ वर्षे या मर्यादा धरल्या जातात; त्यामुळे ७० वर्षे आयुर्मान असल्यास (७० − २०) ÷ (८५ − २०), म्हणजे सुमारे ०.७६९ हे मूल्य येते. उत्पन्नाचा लॉगरिदम घेतला जातो, कारण तेवढ्याच वाढीव रकमेचे मोल श्रीमंतापेक्षा गरिबाला अधिक असते.

२०१० पासून तिन्ही घटकांचा भूमितीय मध्य काढला जातो. दोन घटक ०.९ व तिसरा ०.३ असल्यास साधी सरासरी ०.७ येते, तर भूमितीय मध्य सुमारे ०.६२४ येतो. त्यामुळे एका क्षेत्रातील उणीव दुसऱ्यातील प्रगतीने पूर्णपणे झाकली जात नाही.

मर्यादा

निर्देशांक सरासरीवर आधारित असल्याने समाजांतर्गत विषमता त्यात दिसत नाही. यासाठी २०१० पासून विषमता-समायोजित निर्देशांकही दिला जातो. २०२५ च्या अहवालात भारताचे मूल्य ०.६८५ होते, विषमता विचारात घेता ते सुमारे ३० टक्क्यांनी घटते. पर्यावरणाची हानी, राजकीय स्वातंत्र्य आणि घरातील बिनमोल श्रम मूळ निर्देशांकात मोजले जात नाहीत.

महाराष्ट्र

महाराष्ट्राचा पहिला मानव विकास अहवाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील जिल्हानिहाय क्रमवारीत मुंबई अग्रस्थानी, तर गडचिरोली शेवटच्या स्थानी होते. २०१२ च्या अहवालात शेवटचे स्थान नंदुरबारचे होते. दरडोई उत्पन्नात आघाडीवर असलेल्या राज्यातील ही दरी केवळ राज्याच्या सरासरीवरून लक्षात येत नाही.