वात की वाट?

इंग्रजीच्या तासाला 'टेस्ट' हा शब्द नुसता उच्चारा आणि मुलांना लिहायला सांगा. काही मुले टी-ई-एस-टी लिहितील, म्हणजे परीक्षा. काही टी-ए-एस-टी-ई लिहितील, म्हणजे चव. आपल्या तोंडी हे दोन्ही शब्द सारखेच, आणि देवनागरीत लिहायचे तरी सारखेच! ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना मात्र ते अगदी वेगळे ऐकू येतात. पहिल्यातला स्वर आखूड असतो, तर दुसऱ्यातला लांबतो आणि शेवटी 'इ'कडे झुकतो. मग आपल्या मुलांना हा फरक का कळत नाही? त्यांचे लक्ष नसते म्हणून?

हाच प्रश्न उलट बाजूने पाहू. मराठी शिकणाऱ्या इंग्रज माणसाला 'वात' आणि 'वाट' हे शब्द बहुधा एकच वाटतात. आपल्याला याचे नवल वाटते. 'त' म्हणताना आपली जीभ दातांना टेकते. 'ट' म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते. इंग्रजी 'टी'ची जागा या दोहोंच्या मध्ये, वरच्या हिरडीवर असते. इंग्रजीत त-ट या फरकाने शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे तो माणूस दोन्ही आवाज एकाच खणात टाकतो. त्याचे कान अधू नसतात. त्याच्या भाषेच्या कपाटात वेगळा खणच नसतो.

हे खण कधी तयार होतात? जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात केलेले संशोधन 1984 साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची आणि बक्षीस म्हणून हलते खेळणे पाहायचे, अशी सवय त्यांना आधी लावली होती. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी फरक ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फार थोड्यांना तो ओळखता आला. म्हणजे पहिला वाढदिवस येईतो बाळाचा मेंदू मातृभाषेला उपयोगी फरक पक्के करतो आणि बाकीच्यांकडे काणाडोळा करू लागतो. याचा फायदाच होतो. भराभर बोललेली आपली भाषा आपल्याला सहज समजते. परकी भाषा शिकताना मात्र हीच सोय अडचण होते.

ही अडचण कायमची असते का? जपानी भाषेत 'र' आणि 'ल' असे वेगळे खण नाहीत. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात प्रौढ जपानी माणसांना या आवाजांच्या शब्दजोड्या अनेक वेगवेगळ्या लोकांच्या आवाजांत ऐकवल्या. दर वेळी उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगितले. काही आठवड्यांत त्यांची ओळख सुधारली. पुढे 1997 साली असे दिसले, की केवळ ऐकण्याच्या सरावाने त्यांचे बोलणेही सुधारते.

वर्गात हे सहज करता येईल. फळ्यावर 1 आणि 2 असे आकडे घालून त्यांखाली जोडीतले दोन शब्द लिहा. तोंडापुढे वही धरून त्यांपैकी एक म्हणा. मुलांनी एक किंवा दोन बोटे वर करायची. बरोबर उत्तर लगेच सांगा. आकाशवाणीवरचे किंवा ध्वनिमुद्रित केलेले निरनिराळे आवाजही वापरा. कारण एकाच शिक्षकाचा उच्चार ओळखता आला, म्हणजे तो आवाज ओळखता आला असे नव्हे. कान तयार झाल्यावर मग उच्चाराकडे वळा.

'कितीदा सांगितले, तरी तेच!' असे मुलाला म्हणण्याआधी आपण एवढे आठवू या: जो फरक त्याला ऐकूच येत नाही, तो दहा वेळा तसाच सांगून कळणार नाही. आणि अशा चुकीवर वर्ग हसला, तर ते मूल पुढच्या वेळी तोंडच उघडणार नाही.