रंग वेगळा? आधी भोक शोधा!

जुन्या अल्बममध्ये कधी कधी एखादे तिकीट विचित्र दिसते. देश, चित्र, किंमत सगळे कॅटलॉगप्रमाणे, पण रंग भलताच! "छपाईतली चूक, फार दुर्मिळ" असे सांगून ते महाग विकणारे भेटतात. मित्रांनो, पॉकेटमनी देण्याआधी भिंग काढा.

पूर्वी अनेक देश आपली तिकिटे लंडनच्या खासगी छापखान्यांकडून छापून घेत. नाशिकला १९२६ मध्ये छपाई सुरू होण्याआधी भारताची तिकिटेही तिथल्या डी ला रू कंपनीकडून येत. नवे काम मिळवण्यासाठी हे छापखाने गिऱ्हाइकांना छपाईचे नमुने दाखवत. नमुना कोणी पत्राला लावू नये म्हणून त्यावर खुणा केलेल्या असत.

वॉटरलो अँड सन्स या छापखान्याचे नमुने तीन खुणांवरून ओळखता येतात :

१. रंग टपालात आलेल्या तिकिटापेक्षा वेगळा.
२. तिकिटावर कंपनीचे नाव आणि 'स्पेसिमेन' हा इंग्रजी शब्द.
३. पंचने पाडलेले छोटे गोल भोक.

नुसता 'स्पेसिमेन' शब्द पुरेसा नाही. जागतिक टपाल संघामार्फत सदस्य देशांना नव्या तिकिटांच्या प्रती जात, त्यांवरही तो शब्द असे. पण त्यांचा रंग नेहमीचाच. नुसता वेगळा रंगही पुरावा नव्हे, कारण उन्हाने आणि ओलीने रंग बदलतो.

तिन्ही खुणा जुळल्या तर भोक पाहून तिकीट फेकू नका. मूळ तिकिटाशेजारी लावा आणि खाली लिहा : 'छापखान्याचा नमुना'.