लघुरेल्वेचे रूळ आणि धूळ

पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. तेथील गाड्या खऱ्या गाड्यांच्या १/८७ मापाच्या आहेत. अशा गाडीचा खरा शत्रू धूळ होय.

साध्या रचनेत १२ व्होल्टपर्यंतचा विद्युत्प्रवाह एका रुळातून चाकावाटे इंजिनातील मोटारीत शिरतो व दुसऱ्या रुळाने परततो. चाक रुळास अगदी अल्प जागेत टेकते. तेथे धूलिकण आला की प्रवाह खंडित होतो, ठिणगी पडते, आणि धूळ, वंगण व धातूचे ऑक्साइड यांचा काळा लेप रुळावर चढतो. गाडी अडखळते, दोष मात्र बिचाऱ्या मोटारीस दिला जातो!

प्रथम डोंगर व छपरे मऊ कुंचल्याने झाडावीत. रूळ सर्वांत शेवटी. वीज बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेले, तंतू न सोडणारे फडके त्यांवरून फिरवावे. हा द्रव ज्वालाग्राही असल्याने जवळपास ज्योत नसावी. चाकेही पुसावीत; एरवी तीच मळ पुन्हा रुळांवर पसरवितात. काचकागद मात्र कदापि वापरू नये, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ अधिकच घट्ट बसतो.