विरल मृत्तिका, काच आणि ‘अपद्रव्य’

बारामती-इंदापूर भागातील अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठीतून शिकून पुढे पदार्थविज्ञान इंग्रजीतून अभ्यासतात. ‘डोपिंग’चा अर्थ मराठीत सांगू गेल्यास ‘भेसळ’ वा ‘अपद्रव्य’ हेच शब्द हाताशी येतात. हे शब्द विषयाचा गाभा दडवितात, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

मुळात ‘विरल मृत्तिका’ हे नावही फसवे होय. जुन्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिभाषेत मृत्तिका म्हणजे धातूचे ऑक्साइड. आणि भूकवचात निओडिमियम तर शिशाहूनही अधिक आहे. १८८५ साली आउअर फोन वेल्सबाख यांनी ‘डिडिमियम’मधून दोन मूलद्रव्ये वेगळी केली, त्यांपैकी निओडिमियम म्हणजे ‘नवा जुळा’.

१९६१ साली स्निट्झर यांनी निओडिमियमयुक्त काचेपासून लेसर किरण मिळविला. निओडिमियमचा आयन सुमारे ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून वरच्या ऊर्जापातळीस जातो, थोडी ऊर्जा उष्णतारूपाने काचेस देऊन एका दीर्घायुषी पातळीवर थांबतो, आणि तेथून उतरताना सुमारे १०६० नॅनोमीटरचा, डोळ्यांस न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश देतो. तो जेथे उतरतो ती पातळी तळापासून उंच असल्याने जवळजवळ रिकामी असते. त्यामुळे वरच्या पातळीत खालच्यापेक्षा अधिक आयन असावेत, ही लेसरची अट सहज पुरी होते. या क्रियेतील इलेक्ट्रॉनांभोवती बाहेरील इलेक्ट्रॉनांचे आवरण असल्यामुळे काचेच्या अव्यवस्थित रचनेतही आयन आपला स्वभाव फारसा सोडीत नाही. मात्र प्रमाण फार वाढविल्यास शेजारचे आयन एकमेकांस ऊर्जा देऊ लागतात व उत्सर्जन मंदावते.

आता शब्दाकडे वळू. पुणे जिल्ह्यास काच नवी नाही. तळेगावास पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला. रंगहीन काच करणारास वाळूतील लोह नकोसे असते, कारण त्याने काच हिरवट होते. लेसरच्या काचेत तर लोहाचा एक प्रकारचा आयन नेमका १०६० नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश गिळतो. अर्थात एकाच काचेत एक परका आयन प्रकाश देतो व दुसरा तो हिरावून घेतो. दोहोंस ‘अपद्रव्य’ म्हटल्यास विद्यार्थ्याने भेद कसा ओळखावा?

‘विरजण’ हा घरचा शब्द मोह घालतो. परंतु विरजणाने दुधाचे दही होते, येथे काच काचच राहते. म्हणून ‘अपद्रव्य’ लोहाकडे ठेवावे आणि हेतुतः घातलेल्या आयनासाठी ‘निओडिमियम-गर्भित काच’ असे म्हणावे, ही सूचना अभ्यासकांच्या विचारार्थ मांडीत आहे.