पावती कोणाच्या नावावर?

"काकू, फोटो आहे, पण मोठा होत नाही हो," असं म्हणत ती दारात उभी राहिली, तेव्हा मी अळूची पानं निवडत बसले होते. आमच्या आनंदनगरच्या बचत गटातल्या एका बाईंची ही मुलगी. आई एमआयडीसीत पॅकिंगला जाते, मुलगी बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा, लग्न अशा समारंभांचे फोटो काढते. तिचा सेकंडहँड कॅमेरा गटाने कर्ज देऊन घेतलेला आहे. त्यामुळे तिच्या धंद्याचं बरंवाईट आमच्या मासिक बैठकीतही निघतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी तिने एका बारशाचे फोटो काढले होते. त्यात एक फोटो आजोबांचा, बाळाला मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसलेले. ते आजोबा गेले. घरच्यांना तो फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. मूळ फोटो ज्या हार्ड डिस्कवर होते ती मध्यंतरी टेबलावरून पडली आणि बंदच झाली. दुरुस्तीवाल्याने नुसता प्रयत्न करून बघायचे जे पैसे सांगितले, ते ऐकून मायलेकी तशाच परत आल्या. उरला तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो वाटेतच लहान होतो, लांबीला साधारण सोळाशे ठिपके उरतात. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात. म्हणजे हिशोब पाच इंचांवर संपला. भिंतीवर लावायला पाच इंच?

"त्या आजी फोनवर म्हणाल्या, बाळा, तूच काढलास ना? मग तुझ्याकडे कसा नाही?" हे सांगताना पोरीचा आवाज कापत होता. "काकू, मला आता सगळे फोटो इंटरनेटवर कुठेतरी नीट ठेवायचेत. कुठे ठेवू?"

आता मी बीए, तेही इतिहास घेऊन. कॉम्प्युटरशी माझा संबंध गटाचे अर्ज भरण्यापुरता. पण इतिहास शिकलेल्या बाईला एक खोड असते. नवी वस्तू घेण्याआधी, जुनीचं पुढे काय झालं ते ती विचारते. पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघींनी तेच केलं. मी चहा करायचा, तिने मोबाइलवर शोधायचं.

फोटो ठेवायच्या या जागांचा इतिहास म्हणजे भाडेकरूंचा इतिहास आहे, मैत्रिणींनो. याहू फोटोज २००७ मध्ये बंद झालं. कोडॅकसारख्या कंपनीची गॅलरी २०१२ मध्ये बंद झाली आणि लोकांचे फोटो दुसऱ्या कंपनीकडे सोपवले गेले. ऑर्कुट आठवतं ना? सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. आपापले फोटो उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती, पण मला ते कळलं तेव्हा मुदत टळून गेली होती. माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे तिथले फोटो असेच गेले. पिकासाचे वेब अल्बमही २०१६ मध्ये गुंडाळले गेले. फोटोबकेट बंद झालं नाही, पण २०१७ मध्ये त्यांनी अचानक, इतर संकेतस्थळांवर फोटो दाखवायचे असतील तर वर्षाला ३९९ डॉलर भरा, असं सांगितलं. जगभरच्या पानांवरून रातोरात चित्रं नाहीशी झाली.

आणि फ्लिकर. २००४ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या छोट्या कंपनीने सुरू केलेली ही जागा फोटोग्राफर मंडळींची लाडकी. २००५ मध्ये याहूने घेतली, २०१३ मध्ये हजार जीबी फुकट देऊ केले आणि २०१८ मध्ये स्मगमग या कंपनीने ती विकत घेतल्यावर फुकट खात्याला एक हजार फोटोंची मर्यादा घातली. त्याहून जास्त फोटो असलेल्यांना सांगितलं, पैसे भरा, नाहीतर जुने फोटो पुसले जातील. राग येतो, पण एक आहे, त्यांनी आधी कळवलं तरी. आपल्याकडे घरमालक एवढंही करत नाहीत.

गूगलचंही तेच. २०१५ पासून गूगल फोटोजवर किंचित दाबून बसवलेले फोटो कितीही ठेवा, म्हणाले. १ जून २०२१ पासून तेही १५ जीबीच्या हिशोबात धरायला लागले. या १५ जीबीत तुमची मेल आली, ड्राइव्ह आला आणि अँड्रॉइड फोन असेल तर आता व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही.

"म्हणजे फुकट कोणीच देत नाही," ती म्हणाली.

"देतात गं, घर भरेपर्यंत."

मग वही घेऊन हिशोबाला बसलो. एका लग्नाचे दोन हजार फोटो, प्रत्येक धरा दहा एमबीचा. झाले वीस जीबी. एकाच लग्नात गूगलची फुकट जागा संपून वर पाच जीबी उरले. बरं, चढवायचे कसे? तिच्या मोबाइलला रोजचा दीड जीबीचा पॅक. त्यावर एक लग्न चढवायला तेरा-चौदा दिवस लागणार, आणि तोवर तिने दुसरं काहीही बघायचं नाही. तिच्या आईने मध्येच विचारलं, "मग मुहूर्तच चौदा दिवसांच्या अंतराने काढायचे का?" आम्ही तिघी हसलो खऱ्या, पण त्यातूनच एक गोष्ट मार्गी लागली. सगळं वर ठेवायचं नाही. प्रत्येक कार्यक्रमातले निवडक तीनशे वर ठेवायचे, तेही मूळ आकारात. गूगल फोटोजच्या सेटिंगमध्ये मूळ दर्जा आणि जागा वाचवणारा दर्जा असे दोन पर्याय असतात. दुसरा निवडला तर सोळा मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो कापून लहान होतो. ते आजोबांचं दुखणं पुन्हा नको, म्हणून मूळच.

बाकीचं सगळं हार्ड डिस्कवर. पण दोन डिस्कवर, आणि दोन घरांत. हे शहाणपण पुस्तकातून आलं असं मी म्हणणार नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि एक प्रत घराबाहेर, हा नियम पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केला, हे मला आता कळलं. माझी शिकवणी २६ जुलै २००५ ला झाली होती. माहेर बदलापूरला, तळमजल्यावर. उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आईने आधी गॅसचं पुस्तक, रेशनकार्ड आणि दागिने माळ्यावर टाकले. अल्बम कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिले. पाणी ओसरल्यावर आम्ही ते फोटो उन्हात वाळत घातले आणि तिथेच चुकलो. ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की सुटत नाहीत, स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू वेगळे करायचे असतात. निगेटिव्ह होत्या त्याही त्याच कप्प्यात! २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, तेव्हा टीव्हीवरची ती गाडी बघताना मला पहिल्यांदा आईचा तो कप्पा आठवला होता.

तेव्हा तिची एक डिस्क आता माझ्या घरी असते, पहिल्या मजल्यावर, साड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर. महिन्याच्या बैठकीला येताना ती दुसरी घेऊन येते आणि बदलून नेते. गटातल्या बायका म्हणतात, हिचं विरजण बदलणं सुरू आहे.

गिऱ्हाइकांना फोटो दाखवायची जागा हा निराळा प्रश्न. स्मगमग बघितलं. फोटोग्राफरसाठीच बनवलेलं, प्रत्येक अल्बमला पासवर्ड लावता येतो, गिऱ्हाईक तिथूनच छापील प्रती मागवू शकतं. पण फुकट खातं नाहीच, पैसे डॉलरमध्ये आणि छपाई तिकडच्या लॅबशी बांधलेली. आमच्या उल्हासनगरच्या अल्बमवाल्याला त्याचा काय उपयोग? शिवाय परदेशी कंपनीला कार्डावरून दर महिन्याला पैसे देताना अडचण येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना ग्राहकाची रीतसर मंजुरी लागते. नियम आपल्या भल्याचाच, पण तेव्हा कित्येकांचे परदेशी हप्ते अडकले होते. भाडं थकलं की सामान रस्त्यावर, हे इथेही आहेच. म्हणून तिने गूगलचीच शंभर जीबीची जागा घेतली. आम्ही चौकशी केली तेव्हा महिन्याला १३० रुपये होते. एका कार्यक्रमाचे तीनशे फोटो म्हणजे तीन जीबी, साधारण तीस कार्यक्रम बसतील. जुने झाले की गिऱ्हाइकाला कळवून काढायचे.

फ्लिकरवर तिने फुकट खातं उघडलंय, पण फक्त साठ फोटोंसाठी, नव्या गिऱ्हाइकाला हात दाखवायला. अंबरनाथच्या शिवमंदिराचे तिने काढलेले फोटो मात्र मी आग्रहाने विकिमीडिया कॉमन्सवर ठेवायला लावले. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं मंदिर. त्याचे फोटो कोणीही वापरले, अगदी पुस्तकात छापून विकले, तरी हरकत नाही, नाव मात्र तिचं राहील. घरगुती समारंभाचा फोटो तिथे कधीच नाही.

यावरून आठवलं. तिने मागे एकदा एका नवऱ्या मुलीचा सुंदर फोटो जाहिरातीसाठी सगळ्यांना दिसेल असा टाकला होता. मुलीच्या सासरहून फोन आला, आमच्या सुनेचा फोटो बाजारात का मांडलात? शब्द कडू होते, पण बाजू त्यांची होती. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं सतरावं कलम सांगतं की पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. मला वाटत होतं, ज्याचा कॅमेरा त्याचा फोटो! आता तिच्या पावतीवर एक ओळ छापली आहे, 'हे फोटो कामाचा नमुना म्हणून दाखवले तर चालतील का? हो / नाही.' ही ओळ शक्यतो फोटोतल्या मुलीने स्वतः भरावी, असा माझा हट्ट असतो. बहुतेक वेळा भरतो तिचा मामा.

इतकं सगळं ठरलं आणि शेवटच्या दिवशी पैसे भरताना पासवर्ड विचारला गेला. ती म्हणाली, "थांबा काकू, दादा कंपनीतून आला की ओटीपी घेते."

"दादाचा का?"

खातं भावाच्या नावावर होतं. मेल आयडी त्याचा, मोबाइल नंबर त्याचा. दहावीनंतर तिला फोन मिळाला तेव्हा त्याने उघडून दिलेलं, तेच चालू. भाऊ गुणी आहे, प्रश्न त्याचा नाही. पण हिचं लग्न ठरलंय, मार्गशीर्षात आहे. उद्या ही पुण्याला गेल्यावर भावाने नंबर बदलला, फोन हरवला, त्याची बायको आली, तर हिची चार वर्षांची मेहनत कोणाच्या ओटीपीवर उघडणार? आणि ज्या खात्यात दोन वर्षं कोणी फिरकलं नाही, ते गूगल पुसून टाकू शकतं. डिसेंबर २०२३ पासून तसं सुरूही झालंय.

त्या महिन्याच्या बैठकीत मी सहज सगळ्याजणींना विचारलं, तुमच्या फोनमधलं खातं कोणाच्या नावावर आहे? चौदाजणी होत्या. पाचजणींना आपला मेल आयडी ठाऊक होता. एकीचं खातं तिच्या जावयाच्या नावावर निघालं. वासंतिक हळदीकुंकवापासून नातवाच्या पहिल्या पावलापर्यंत सगळे फोटो त्यात. मी आधी हसले आणि मग घरी येऊन माझा फोन बघितला. परत मिळवायचा नंबर म्हणून त्यात आमच्या ह्यांचा नंबर होता. त्यांना विचारलं तर म्हणाले, "असेल, मीच टाकला असेन. बदलायचाय का?"

बदलला. फार वेळ लागला नाही.

तिच्या खात्याला मात्र दोन रविवार लागले. नवं खातं तिच्या नावाने, तिच्या नंबरावर. जुन्या खात्यातलं सगळं गूगल टेकआउटने एकदम उतरवून घेतलं, मग हार्ड डिस्कवर, मग निवडून नव्या जागेत. भाऊच बसला होता शेजारी, त्याने आपल्या ऑफिसचं वायफाय वापरायची परवानगीसुद्धा काढून आणली. चढवता चढवता एका जुन्या फोल्डरमध्ये त्या बारशाचे सात फोटो सापडले, तिने नमुना म्हणून कोणाला तरी पाठवायला वेगळे काढलेले, मूळ आकारातले. त्यात बाळ होतं, पाळणा होता, आत्या होती. आजोबांचा हातच तेवढा होता, पाळण्याच्या दोरीवर.

तो तिने मोठा करून घेतला आणि पैसे न घेता आजींना नेऊन दिला. आजी बराच वेळ बघत राहिल्या म्हणे. मग अंगठी ओळखली.

गटाच्या वहीत तिची आई दर महिन्याला लेकीच्या कर्जाचा हप्ता लिहिते. या महिन्यात त्याखाली आणखी एक ओळ होती, 'फोटोचं भाडं १३०'. पुढे लेकीची सही.